शहराचा आराखडा आणि नागरिकांचा अधिकार

पुणें शहराच्या टेकड्यांची व ओढ्यांची आठवण आमच्या नागरिकांस बहुधा दोनच वेळां होते: सायंकाळीं वारा खावयास टेकडी चढतांना, आणि पावसाळ्यांत ओढ्याचें पाणी घरांत किंवा दुकानांत शिरलें म्हणजे. मधल्या काळांत टेकडी कोणी खणली, ओढ्यांत भराव कोणी घातला, याची चौकशी करण्यास कोणास सवड नसते. ही सवड नसणें हेंच आमच्या शहरावरील अर्ध्या संकटांचें मूळ आहे, असें आम्हांस स्पष्ट म्हणावयाचें आहे.

ता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबिल ओढ्यास जो लोंढा आला, त्यानें कोणाची जात, पक्ष किंवा मिळकत पाहिली नाहीं. पुणें व आसपासच्या भागांत वीसांहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. पाऊस अतोनात पडला हें खरें; परंतु पूर्वीं मुसळधार पाऊस पडतच नसे असें नाहीं. पेशवाईंतही या ओढ्याचा प्रवाह पर्वतीकडून वळविण्यांत आला होता. पण वळविणें निराळें आणि गळा आवळणें निराळें. आम्हीं ठिकठिकाणीं भिंती, भराव व बांधकामें घालून त्याचें पात्र आवळीत आणलें. पाण्यास नकाशा वाचतां येत नाहीं. तें आपली जुनी वाट शोधीत येतें.

आतां ओढ्याची रुंदी किती राखावयाची, टेकडीवर घरें बांधूं द्यावयाचीं कीं नाहीं, उद्यानास जागा कोणती, हें ठरतें शहराच्या विकास आराखड्यांत. तो करण्याची रीत महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यांत घालून दिली आहे. प्रथम आराखडा करण्याचा इरादा जाहीर करावयाचा. मग जमिनींच्या चालू वापराची पाहणी करून नकाशा करावयाचा. त्यानंतर मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवावयाच्या. नियोजन समितीनें त्या ऐकावयाच्या. आणि शेवटीं राज्य सरकारनें मंजुरी द्यावयाची. यांत लोकांस स्थानच नाहीं असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु व्यवहारांत लोकांची खरी विचारपूस होते ती मसुदा तयार झाल्यावर. स्वयंपाक उरकल्यावर पानावर बसलेल्यास मीठ कसें आहे म्हणून विचारावें, त्यांतलाच हा प्रकार.

त्याचा परिणाम काय होतो हें पुणेंकरांनीं पाहिलें आहे. जुन्या हद्दीचा मसुदा २०१३ सालीं प्रसिद्ध झाला तेव्हां ऐंशी हजारांहून अधिक हरकती व सूचना दाखल झाल्या. पुढें २०१५ सालीं सरकारनें तें काम महानगरपालिकेच्या हातून काढून आपल्या अधिकाऱ्यांच्या समितीकडे सोंपविलें, आणि २०१७ च्या जानेवारींत आराखडा मंजूर झाला. दोष कोणाचा किती, हा वाद आम्ही येथें उकरीत नाहीं. परंतु हजारोंनीं हरकती येतात याचा अर्थ लोक भांडखोर आहेत असा नसून, त्यांस वेळेवर कोणी विचारलें नाहीं असा आहे.

लोकांनीं मनावर घेतलें म्हणजे काय साधतें, याचेंही उदाहरण येथेंच आहे. १९९७ सालीं शहरांत आलेल्या गांवांतील सुमारें ९७८ हेक्टर टेकड्या जैवविविधता उद्यानासाठीं राखून ठेवाव्यात, यासाठीं नागरिकांनीं वर्षानुवर्षें चळवळ केली, आणि २०१५ सालीं सरकारनें तें आरक्षण मान्य केलें. ही गोष्ट भूषणावह आहे. तथापि न्यायाची दुसरी बाजू सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. या जमिनींच्या मालकांस मोबदला म्हणून ८ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क देऊं केला गेला, व तो अपुरा आहे अशी त्यांची तक्रार आहे. सर्व शहरानें टेकडीची हवा खावी आणि तिची किंमत मात्र एकट्या शेतकऱ्यानें भरावी, हा न्याय नव्हे. मोबदला रास्त नसेल तर आरक्षण कागदावर राहतें आणि टेकडीवर रातोरात खोल्या उभ्या राहतात. पर्यावरणाचा कैवार घेणारांनीं हा हिशेब टाळून चालावयाचें नाहीं.

कोणी म्हणतील, नगररचना हें शास्त्र आहे, त्यांत सामान्य माणसास काय कळतें? यास पॅट्रिक गेडीस यांचें उदाहरण पुरेसें आहे. हे स्कॉटिश पंडित पुढें मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकवीत. होळकरांच्या इंदुरांत प्लेगच्या निवारणासाठीं त्यांस बोलाविलें असतां, त्यांनीं दिवाळीची मोठी मिरवणूक काढली, आणि जे रस्ते व घरें लोकांनीं अधिक स्वच्छ व नीट केलीं असतील त्या रस्त्यांनीं ती जाईल असें जाहीर केलें. लोक स्वतः झाडावयास लागले. १९१८ सालीं त्यांचा इंदूरविषयक अहवाल प्रसिद्ध झाला. शहर पाडून नवें करण्यापूर्वीं तें पायीं फिरून समजून घ्यावें, हें त्यांचें तत्त्व होतें. आमच्याकडेही कागद-काच-पत्रा वेंचणाऱ्या कष्टकरी स्त्रियांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महानगरपालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा गोळा करूं लागली. कचऱ्याचें शास्त्र त्या बायांइतकें कोणत्या कचेरींतील कारकुनास ठाऊक होतें?

म्हणून आमची मागणी तीन कलमांची आहे. पहिलें, नव्या आराखड्याची रेघ ओढण्यापूर्वीं प्रत्येक प्रभागांतील ओढे, विहिरी, उतार व जुनीं झाडें यांची पाहणी तेथील रहिवाशांस बरोबर घेऊन करावी, व ती मराठींत छापून लावावी. दुसरें, जी हरकत फेटाळली तिचें कारण लेखी कळवावें. तिसरें, १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें नगरनियोजन व पर्यावरणरक्षण हे विषय बाराव्या अनुसूचींत घातले आणि प्रभाग समित्यांची तरतूद केली. त्या समित्यांपुढें हे प्रश्न खरोखर यावेत. मार्च २०२२ मध्यें मुदत संपल्यावर पुण्याचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हातीं राहिला, तेव्हां लोकनियुक्त सभेची किंमत आम्हांस चांगली कळली आहे.

आमच्या व्यापारी बंधूंस एवढेंच सांगणें आहे कीं, ओढा मोकळा राहिल्यानें पेठेची वाढ खुंटत नाहीं. गोदामांत पाणी शिरल्यानें मात्र पेढी बुडते. स्वराज्य मुंबईंत किंवा दिल्लींत बसून पुरें होत नाहीं. तें आपल्या गल्लींतील नाल्यापर्यंत यावें लागतें. पुढचा मसुदा प्रसिद्ध होईल तेव्हां हरकतींच्या शेवटच्या दिवशीं धांवत जाण्यापेक्षां, आज आपल्या प्रभागांतील ओढ्याच्या कांठानें एकदां चालून यावें. ज्यास आपलें शहर ठाऊक आहे, त्यालाच तें कोणाच्या हातीं द्यावें हें सांगण्याचा अधिकार आहे.