काटा खरं बोलतोय का?



गेल्या अंकातल्या फर्नेसवरच्या लेखानंतर काही वाचकांनी विचारलं, ‘यंत्र पूर्ण बंद पडलं तर ठीक आहे हो, पण अधूनमधून येणारा बिघाड शोधायचा कसा?’ प्रश्न अगदी योग्य आहे. कायमचा बिघाड हा बिचारा सज्जन असतो, जागेवर सापडतो. अधूनमधून येणारा मात्र ताकास तूर लागू देत नाही. रात्रभर तापाने फणफणलेलं पोर डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये शिरताक्षणी खेळायला लागतं ना, तसंच. म्हणून या वेळी एक ताजं उदाहरण घेतो.

आमच्या मंडळातल्या एका स्नेह्यांचा मुलगा इथेच जन्मला, वाढला, आता नोकरीला लागलाय. त्याने १९९६ सालची माझदा मियाटा घेतली, ती ऑफिसला जायला नव्हे, ट्रॅकवर पळवायला. इथे मिशिगनमध्ये ‘ट्रॅक डे’ नावाचा प्रकार असतो. ही शर्यत नव्हे. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि बंदिस्त ट्रॅकवर वीस-वीस मिनिटं आपली गाडी हवी तशी चालवायची. ‘जीव त्याचा आणि टांगणीला माझा,’ असं त्याची आई म्हणते.

तर या गाडीचा टेम्परेचर गेजचा काटा एरवी मध्यावर शांत बसलेला असे. पण दहा-बारा मिनिटं जोरात चालवल्यावर, उजवीकडच्या लांब वळणावर, तो एकदम ‘हॉट’च्या टोकाला उडी मारी आणि वळण संपलं की परत येई. घरासमोर ड्राइव्हवेमध्ये तासभर इंजिन चालू ठेवलं तरी काही नाही. दोन महिन्यांत थर्मोस्टॅट बदलून झाला, रेडिएटर झाला, सेन्सरही नवा आला. चोर सोडून संन्याशाला सुळी! शेवटी तो मला म्हणाला, ‘काका, तो काटा लायर आहे. मी आता त्याच्याकडे बघतच नाही.’

हे वाक्य ऐकून मी जागचा उठलो. बिघाड काट्यात होता हे मलाही मान्य होतं, पण खरा धोका त्या ‘बघतच नाही’मध्ये होता. ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट आपण सगळ्यांनी मुलांना सांगितली आहे. शेवटी लांडगा खरोखरच येतो. या इंजिनाचं सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं आहे. ते जास्त तापलं की वाकतं, हेड गॅस्केट जाते आणि इंजिनाचं मातेरं होतं. शिवाय फुटलेल्या होजमधलं पाणी ट्रॅकवर सांडलं, तर मागून येणाऱ्या गाडीच्या चाकाखाली ते जातं. ग्लायकॉलचं अँटीफ्रीझ फार निसरडं, म्हणून ते अनेक ट्रॅकवर चालत नाही. ही मंडळी साधं पाणी भरतात आणि थंडीआधी न चुकता बदलतात.

आधी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. या गाडीत सुमारे ६ लिटर पाणी फिरतं. ते ९० अंशांवरून १२० अंश सेल्सिअसवर न्यायला साधारण ७५० किलोजूल उष्णता लागते. इंजिन १३० अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे अंदाजे १०० किलोवॅट. ढोबळ हिशेबाने तेवढीच उष्णता पाण्यात जाते असं धरलं आणि रेडिएटर काहीच काम करत नाही असंही मानलं, तरी सात-आठ सेकंद लागतील. काटा तर एका सेकंदाच्या आत उडी मारत होता, आणि तितक्याच चटकन परतही येत होता. पाण्याला हे जमणारं नाही. विजेला जमतं.

आता हा गेज चालतो कसा ते पाहू. इंजिनावर बसवलेल्या सेन्सरचा विद्युत रोध पाणी तापलं की कमी होतो. सेन्सरपासून गेजपर्यंत एकच तार जाते आणि परतीचा रस्ता इंजिनाच्या धातूतूनच असतो. म्हणजे काटा पाण्याचं तापमान दाखवत नाही, तो त्या तारेतला करंट दाखवतो. तार तुटली तर रोध अनंत, काटा ‘कोल्ड’वर. तारेचं आवरण फाटून ती धातूला टेकली तर रोध शून्य, काटा ‘हॉट’वर. आमचा काटा ‘हॉट’कडे जात होता, म्हणजे तार कुठेतरी टेकत असावी. पेट्रोलचा काटा त्या वेळी जागचा हलत नव्हता. दोन्ही काटे एकत्र नाचले असते, तर गेजना मिळणाऱ्या सामायिक वीजपुरवठ्यावर किंवा अर्थिंगवर संशय घेतला असता.

पण हिशेब झाला तरी पुरावा हवा, आणि त्यासाठी दुसरा साक्षीदार. सुदैवाने या गाडीत तो आधीपासून हजर होता. इंजिनाच्या कॉम्प्युटरचा सेन्सर वेगळा असतो. अमेरिकेत १९९६पासूनच्या सगळ्या मोटारींना ओबीडी-टूचं सॉकेट असतं, त्यात छोटा रीडर खोचला की त्या सेन्सरचं तापमान फोनवर नोंदवता येतं. पुढच्या ट्रॅक डेला एक फोन ही नोंद करायला आणि एक छोटा कॅमेरा डॅशबोर्डकडे रोखून ठेवला. घरी येऊन दोन्ही जुळवून पाहिलं. काटा ‘हॉट’वर असताना कॉम्प्युटर ९४ अंश सांगत होता, आधी तेवढंच, नंतरही तेवढंच.

मग जुनी तार दोन्ही टोकांना सोडवली आणि सेन्सरपासून गेजपर्यंत एक तात्पुरती तार टेपने चिकटवून नेली. पुढच्या खेपेला काटा दिवसभर मध्यावर! गेज निर्दोष, सेन्सर निर्दोष, गुन्हेगार जुनी तार. ती इंचाइंचाने तपासली तेव्हा इंजिनाच्या मागच्या अंगाला, फायरवॉलजवळ, आवरण नखाएवढं घासलेलं दिसलं. तिथली क्लिप कधीच गायब झाली होती. उजव्या वळणावर इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर डावीकडे कलायचं, तार ताणली जायची, आणि उष्णतेने मऊ झालेलं आवरण ब्रॅकेटवर दबून आतलं तांबं टेकायचं. ड्राइव्हवेमध्ये ना वळण, ना तेवढी उष्णता. मग बिघाड येणार कुठून? वीतभर तार, एक क्लिप, अर्धा तास.

इथे दुसऱ्या बाजूची गोष्ट सांगायलाच हवी. काटा अचानक ‘कोल्ड’कडे पडला तर पुष्कळ जण सुटकेचा निःश्वास टाकतात. तसं करू नका. पाणी गळून पातळी खाली गेली की सेन्सर हवेत किंवा वाफेत उघडा पडतो आणि कमी तापमान सांगू लागतो. इंजिन मात्र भाजत असतं. म्हणून चालू गाडीत काटा कुठल्याही टोकाला गेला तरी नियम एकच. वेग कमी करा, सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा, आणि ते निवेपर्यंत रेडिएटरच्या टोपीला हात लावू नका. काटा खोटा निघाला तर दहा-वीस मिनिटं गेली. खरा निघाला तर इंजिन वाचलं.

मुंबईकर वाचकांना १ जानेवारी १९७८ची रात्र आठवत असेल. सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जंबो जेट काही क्षणांत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं आणि २१३ जण गेले. कॅप्टनसमोरचं, विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण बिघडलं होतं. कॉकपिटमध्ये तशी आणखी दोन उपकरणं होती, पण बाहेर अंधार आणि हाताशी मोजके सेकंद. विमानाला न मिळालेला वेळ आपल्याला रस्त्याच्या कडेला मिळतो. तो वापरावा.

त्या मुलाला मी दोन कामं सांगितली. एक, गेज दुरुस्त झाला तरी दुसऱ्या सेन्सरचा आकडा डोळ्यांसमोर राहील अशी सोय कर. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो, पाणी बरंच तापेपर्यंत तो हलतच नाही. दुसरं, काट्याने पुन्हा उडी मारली तर ती तारीख, ते वळण, ती वेळ वहीत लिही. बिघाड केव्हा येतो हे कळलं की तो कुठे आहे हे अर्धंअधिक कळतं. फर्नेस असो, फ्रिज असो की मिनीव्हॅन, नवा पार्ट आणण्याआधी आठवडाभर ही वही ठेवून पाहा.

पुढच्या अंकात थंडीत रुसणाऱ्या बॅटरीबद्दल. तुमच्या वहीतल्या नोंदी जरूर कळवा.