ओढा दोरी!

वीकएंडला सगळे लोणावळ्याला भजी खायला जातात, मी इंदुरीला धूर खायला गेले. मित्राच्या काकांनी तिथं ‘ब्रिटिश सीगल’ उघडून ठेवली होती. म्हणजे होडीच्या मागे लावायची जुनी मोटर, मुंबईच्या भंगारातून उचललेली.

प्रकार एकदम साधा. किक नाही, सेल्फ नाही. फ्लायव्हीलवर दोरी गुंडाळायची आणि ओढायची. हिला क्लचही नाही, चालू झाली की पंखा फिरलाच! पंखा दगडावर आपटला तर धक्का एक स्प्रिंग झेलते, गिअर वाचतात. जुन्या सीगलला १० भाग पेट्रोलमागे १ भाग ऑइल. पीयूसीवाल्याला झीटच येईल! काकांनी कार्ब्युरेटर धुतला, पॉइंट्स पॉलिश पेपरने घासले.

“हौस म्हणून?” मी विचारलं.

काका जरा गप्प झाले. १५ जून २०२५ला इथंच, कुंडमळ्याला, इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला. ४ जण गेले. बचावाच्या रबरी बोटींनाही मागे अशीच मोटर असते. “त्या दिवशी ही शेडमध्ये पोत्याखाली पडून होती,” काका म्हणाले.

एवढी जुनी मोटर पुरात कुणाला वाचवेल असं मला वाटत नाही. तसं बोललेही.

“मलाही नाही वाटत गं. पण तेव्हापासून बंद बघवत नाही.”

मग मोटर पाण्याच्या ड्रमला लावली. अकराव्या ओढीला फटफटली! अंगणभर निळा धूर, निम्मा ड्रम माझ्या नव्या जीन्सवर. आतून काकू ओरडल्या, “झाली का एकदाची?”