सर्किट बरोबर, पार्ट खोटा!

सोमवार ते शुक्रवार स्क्रीनसमोर डोळे फोडायचे आणि शनिवारी सोल्डरिंग आयर्न हातात घ्यायचं, असा छंद असलेली मंडळी प्रत्येक ऑफिसात एक-दोन तरी सापडतातच. मस्त छंद आहे, बॉस! पण यात एक क्षण हमखास येतो. डायग्राम दहा वेळा तपासलेला, वायरिंग चकाचक आणि तरीही एलईडी ढिम्म. मग आपण स्वतःलाच ‘ढ’ ठरवतो आणि किट माळ्यावर टाकतो. थांबा! कधी कधी दोष तुमच्यात नसतो, त्या पन्नास पैशांच्या नाहीतर पाच रुपयांच्या पार्टमध्ये असतो.

समजा, तुमचं घर यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीला आहे आणि नोकरी पुण्या-मुंबईत. आई-बाबा मोटर सुरू करून टाकी भरायची वाट बघत बसतात, म्हणून तुम्ही दिवाळीत त्यांच्यासाठी टाकी भरल्याचा अलार्म लावायचं ठरवता. एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर, बझर आणि बॅटरी. बस्स! मुंबईत पार्ट बिघडला तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी जायचं, की काम झालं. ढाणकीत मात्र एका ट्रान्झिस्टरसाठी उमरखेड, नाहीतर थेट नांदेडची एसटी पकडावी लागेल. चार दिवसांच्या सुट्टीत हे परवडणार आहे का? म्हणून फंडा एकच: जे तपासायचं ते निघायच्या आधी तपासा.

सुरुवात ट्रान्झिस्टरपासून. बीसी 547 आणि बीसी 557 दिसायला जुळे भाऊ, पण पहिला एनपीएन आणि दुसरा पीएनपी. दुकानातल्या डब्यात दोघं एकत्र झाले की तुमचा बझर गप्प. दुसरी गंमत पायांची. बीसी 547 ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. 2एन3904 मध्ये तो बरोबर उलटा. एकाच्या जागी दुसरा लावला तर गंमत अशी, की सर्किट पूर्ण मरत नाही. टेबलावर कसंबसं चालतं आणि टाकीवर चढवलं की दगा देतं. उपाय सोपा आहे. मल्टिमीटरवर ‘एचएफई’ लिहिलेलं छोटं सॉकेट असतं, त्यात ट्रान्झिस्टर खोचून बघा. बीसी 547 चा आकडा साधारण 110 ते 800 च्या दरम्यान यायला हवा.

आता रेझिस्टर. तपकिरी-काळा-लाल म्हणजे 1 किलोओहम, तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे 10. रात्री अकरा वाजता पिवळ्या दिव्याखाली लाल कोणता आणि नारिंगी कोणता, हे भल्याभल्यांना कळत नाही. रंगांवर भरवसा ठेवू नका, मीटर लावा. सोनेरी पट्टा म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे, म्हणजे 1 किलोओहमवाला 950 ते 1050 मध्ये असला की पास. मोजताना तो सर्किटबाहेर हवा, नाहीतर शेजारच्या पार्टमुळे आकडा चुकतो.

आणि 7805? याने 5 व्होल्ट द्यायचे असतात. 9 व्होल्टची बॅटरी लावा आणि आउटपुट बघा. 4.8 ते 5.2 च्या बाहेर गेला तर टाटा-बाय बाय करा.

हे सगळं झालं सरमिसळीचं. खरी फसवणूक वेगळीच असते. भंगारातल्या बोर्डवरून जुनी आयसी काढायची, वरचा नंबर घासायचा, काळा थर द्यायचा आणि महागड्या आयसीचा नंबर छापायचा, हा धंदा जगभर चालतो. 2012 मध्ये अमेरिकी सिनेटच्या संरक्षण समितीने संशयित बनावट पार्ट्सची सुमारे 1800 प्रकरणं मांडली होती आणि त्यात पार्ट होते दहा लाखांहून जास्त! लष्करी विमानांपर्यंत हा माल पोचतो, तर आपल्या ब्रेडबोर्डची काय कथा? संशय आला तर ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस आयसीवर घासा. बऱ्याच नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असतं. कापूस काळा झाला किंवा अक्षरं निघाली, तर समजून जा. फक्त खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास ज्योत नको. काही अक्षरं लेझरने कोरलेली असतात, त्यामुळे ही परीक्षा अंतिम निकाल नव्हे.

सगळ्यात मोठी थाप मात्र लिथियम सेलवर छापलेली असते. 18650 आकाराच्या सेलवर 9900 एमएएच लिहिलेलं दिसलं तर हसा आणि पुढे चला. नामांकित कंपन्यांचे सेलसुद्धा साधारण 3500 च्या आसपास थांबतात. असला सेल नुसता लवकर संपत नाही, तापून पेटूही शकतो. आई-बाबांच्या घरात तो नकोच. आणि मोटरच्या 230 व्होल्टच्या लाइनला हात लावायचं काम गावातल्या इलेक्ट्रिशियनलाच करू द्या. आपला अलार्म बॅटरीवर वेगळाच राहू दे.

एक इमानदार गोष्टही सांगायला हवी. सर्किट चाललं नाही की लगेच दुकानदाराला शिव्या घालू नका. निम्म्या वेळा ब्रेडबोर्डचं भोक सैल असतं, एलईडी उलटा लागलेला असतो किंवा बॅटरीच बसलेली असते. म्हणून क्रम ठरवा: आधी बॅटरीचे व्होल्ट, मग जोडण्या, मग पार्ट. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही.

तपासलेले पार्ट छोट्या झिपच्या पाकिटांत घाला, वर पेनने नाव आणि मोजलेला आकडा लिहा, प्रत्येकाचा एक-एक जोडीदार जास्तीचा घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. मग ढाणकीला टाकी भरली की बझर वाजेल, बाबा मोटर बंद करतील आणि आई शेजारच्या काकूंना सांगेल, ‘आमच्या पोरानं घरीच बनवलं!’

अप्रेझलमध्ये असं रेटिंग मिळतं का कधी?