मुंग्या गेल्या, चौकोन आले

शुक्रवारची संध्याकाळ, डेडलाइन मानगुटीवर बसलेली आणि नेमका तेव्हाच आईचा फोन.

‘अगं, तुझा तो नवा टीव्ही काही खरा नाही हं. परत घेत असतील तर बघ.’

नवा टीव्ही म्हणजे ४३ इंची, फोर-के, दिवाळीत मी मोठ्या ऐटीत घरी घेऊन दिलेला. भिंतीवर बसवायला आलेल्या मुलाने डेमो म्हणून पोपटांचा व्हिडिओ लावला, तेव्हा शेजारच्या काकूसुद्धा पोळ्या टाकून बघायला आल्या होत्या. पोपटाचं पीस न् पीस सुटं दिसत होतं. दोन महिन्यांत असं काय बिघडलं?

‘सिरियलमधली माणसं मेणाची असल्यासारखी दिसतात. जुन्या टीव्हीवर बरी दिसायची.’

आता इथे तुम्ही जे म्हणाला असतात तेच मी म्हटलं. आई, तुला सवय नाही. आई, आता सगळं डिजिटल आहे, जुन्यापेक्षा चांगलंच असणार. आई, मी नंतर फोन करते. जुना टीव्ही म्हणजे २००४ मध्ये घेतलेला २१ इंची पिक्चर ट्यूबवाला डबा. ‘बिघडत नाही तोवर बदलायचा नाही’ या बाबांच्या धोरणामुळे तो आमच्या मुलुंडच्या घरात चक्क वीस वर्षं टिकला. त्याच्यावर ‘बरी दिसायची’? काहीतरीच!

वीकेण्डला घरी गेले आणि आठ वाजता आईच्या शेजारी सोफ्यावर बसले. दहा मिनिटांत गप्प झाले. आईचं बरोबर होतं. नायिकेच्या साडीचे काठ उकळत्या पाण्यासारखे सळसळत होते. कॅमेरा जरा जोरात फिरला की चेहऱ्याचे चौकोन चौकोन. खालच्या पट्टीतली अक्षरं उंदराने कुरतडल्यासारखी. मग मी तोच एपिसोड मोबाइलच्या ॲपवरून त्याच टीव्हीवर लावला. एकदम स्वच्छ! म्हणजे टीव्ही बिचारा निर्दोष. गुन्हेगार टीव्हीच्या मागे, वायरींच्या जंजाळात बसलेला.

ज्यांचं लहानपण केबलवर गेलंय त्यांना वेगळं सांगायला नको, पण तरी आठवा. मुंग्या! पावसाळ्यात कुठल्यातरी जोडात पाणी शिरलं की पडदाभर मुंग्या. नाहीतर एकाच माणसाच्या शेजारी त्याची फिकट सावली, जशी काही जुळी भावंडं. गच्चीवरून गच्चीवर लोंबकळत आलेली काळी वायर, मध्ये मध्ये सिग्नल वाढवणारे ॲम्प्लिफायर, प्रत्येक मजल्यावर फुटणारे फाटे. गंमत अशी की ॲम्प्लिफायर चित्र वाढवायचा तशी त्यात मिसळलेली खरखरही वाढवायचा, त्याला काय कळतंय त्यातलं चित्र कुठलं आणि कचरा कुठला. त्यामुळे वायरीच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्यांच्या नशिबी सगळ्यात जास्त मुंग्या. आम्ही शेवटच्या टोकाला होतो, हे वेगळं सांगायला नकोच.

पण ॲनालॉगचा एक गुण होता. ते बिघडायचं ते हळूहळू. चित्र खराब व्हायचं पण जायचं नाही. मुंग्यांमधूनसुद्धा सचिन आउट झालेला कळायचा. डिजिटलमध्ये सगळे आकडे. सिग्नल ठरावीक पातळीच्या वर असेल तोवर चित्र ठणठणीत, त्याखाली गेला की चौकोन, आवाजाच्या चिंध्या आणि मग थेट निळा पडदा. मधलं काही नाही.

मग हा बदल केला कशासाठी? जाहिरातीत सांगितलं गेलं ते ‘चकाचक चित्र’. खरं कारण मात्र जास्त इंटरेस्टिंग आहे. एका ॲनालॉग चॅनेलला केबलमध्ये ७ ते ८ मेगाहर्ट्झ जागा लागायची. त्यामुळे शंभरेक चॅनेलं भरली की वायर फुल्ल. त्यातही सुरुवातीच्या नंबरांवर चित्र चांगलं आणि लोकांच्या रिमोटचा अंगठाही तिथेच जास्त, म्हणून त्या जागा मिळवायला चॅनेलवाले केबलवाल्यांना पैसे मोजायचे. त्याला ‘कॅरेज फी’ असं भारदस्त नाव. दुसरी भानगड हिशेबाची. गल्लीत किती घरांत वायर गेलीय हे फक्त गल्लीतल्या केबलवाल्याला ठाऊक. तो वर कमी जोडण्या दाखवायचा, म्हणजे चॅनेलला जायचे पैसेही कमी आणि सरकारचा करमणूक करही कमी. प्रत्येक घरात नंबर असलेला सेट टॉप बॉक्स बसला की ही झाकपाक संपते. म्हणजे तो बॉक्स चित्र दाखवतो ते आहेच, पण मुळात तो घरं मोजतो.

हे एका दिवसात झालं नाही. आधी ‘कॅस’ नावाचा प्रयोग झाला. २००३ मध्ये तो चेन्नईत सुरू झाला. मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या काही भागांत तो यायला ३१ डिसेंबर २००६ उजाडला. तेव्हा मोफत चॅनेलांचे महिना ७७ रुपये आणि पे चॅनेल प्रत्येकी ५ रुपये असा मामला होता. दक्षिण मुंबईतल्या नातेवाइकांकडे बॉक्स आणि आमच्याकडे नाही, याचा मला तेव्हा भयंकर न्यूनगंड होता. दरम्यान छतांवर छत्र्या उगवायला लागल्या. डिश टीव्ही २००३ मध्ये, टाटा स्काय २००६ मध्ये. मग २०११ मध्ये केबलचा कायदा बदलला आणि सक्ती आली. चार महानगरांना आधी ३० जून २०१२ ची तारीख होती, ती ढकलून ३१ ऑक्टोबर केली. पुणे, नागपूर, नाशिकसह ३८ शहरांना ३१ मार्च २०१३. उरलेल्या शहरांना आणि मग खेड्यापाड्यांना पुढची चार वर्षं.

त्या ऑक्टोबरात मी दहावीत होते. आमचा केबलवाला दादा (त्याला सगळी बिल्डिंग दादाच म्हणायची, अगदी आजीसुद्धा) खोक्यातून बॉक्स घेऊन घरोघर फिरत होता. त्याच्या चेहऱ्यावर उत्साह नव्हता. तोवर तो त्याच्या दोनशे-तीनशे घरांचा राजा होता. गणपतीत स्वतःचं लोकल चॅनेल लावायचा, रात्री कुठला पिक्चर दाखवायचा तेही तोच ठरवायचा. बॉक्स आल्यावर सगळं वरून, मोठ्या कंपनीच्या कंट्रोल रूममधून ठरणार होतं आणि तो उरणार होता वायर जोडून देणारा आणि पैसे गोळा करणारा. तेव्हा मला यातलं काही कळलं नव्हतं. मला कळलं ते एवढंच, की मुंग्या गेल्या. खरंच गेल्या. २१ इंची डब्यावर चित्र धुतल्यासारखं दिसायला लागलं.

तर मग आता काय झालं? टीव्हीच्या मागे टॉर्च घेऊन शिरले तेव्हा उलगडा झाला. बॉक्स तोच, २०१२ चा! आणि त्यातून टीव्हीला गेलेली वायर होती लाल-पांढरी-पिवळी. बसवायला आलेल्या मुलाने जुनी वायर नव्या टीव्हीला जोडून दिली आणि पोपट दाखवून निघून गेला. त्या बॉक्सला एचडीएमआयचं भोकच नाही. म्हणजे बघा, देशभर कायदा करून, तारखा ढकलून सगळं डिजिटल केलं, आणि आमच्या घरात बॉक्सपासून टीव्हीपर्यंतचा शेवटचा दीड मीटर अजून ॲनालॉग! पिवळ्या वायरीत रंग आणि उजेड एकत्र कालवून पाठवतात, टीव्ही ते पुन्हा वेगळं करत बसतो. साडीचे काठ सळसळत होते ते यामुळे.

हे एवढंच असतं तर वायर बदलून काम झालं असतं. पण साध्या म्हणजे एसडी चॅनेलचं चित्र असतं आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके. गुणाकार केला तर सव्वाचार लाखांच्या आत. फोर-के पडद्यावर ठिपके असतात जवळपास ८३ लाख. बरोब्बर २० पट. म्हणजे चॅनेलकडून एक ठिपका येतो आणि उरलेले १९ टीव्हीला अंदाजाने भरावे लागतात. अंदाजाने भरलेला चेहरा मेणाचाच दिसणार ना! शिवाय ४३ इंची पडदा २१ इंचीपेक्षा क्षेत्रफळाने जवळपास पावणेचार पट मोठा, आणि आमचा सोफा मात्र होता तिथेच. जुना डबा लहान होता, त्याच्या काचेवर सगळं जरा मऊ दिसायचं, त्यात दोष झाकले जायचे. नव्या पडद्यावर झाकायला काही नाही.

तिसरी गोष्ट दाटीवाटीची. ज्या जागेत एक ॲनालॉग चॅनेल मावायचं तिथे डिजिटलची दहा-बारा आरामात मावतात. ८ मेगाहर्ट्झमधून सेकंदाला साधारण ३८ मेगाबिट जातात, ते सगळ्यांनी वाटून घ्यायचे. बारा जण असतील तर प्रत्येकाला तीनच्या आसपास. पण लोकलच्या डब्यासारखंच आहे हे, बारा मावतात म्हटलं की वीस घुसवायचा मोह होतो. मग प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं आणि चित्र दाबून दाबून बसवावं लागतं. बातम्या वाचणारा माणूस हलत नाही, त्याचं भागतं. लग्नाच्या सीनमध्ये अक्षता उडाल्या की चौकोन. आणि तुम्हीच सांगा, मराठी सिरियलमध्ये लग्नं किती!

एचडी बॉक्स घेणं हा उपाय होता. आघाडीची मराठी चॅनेलं एचडीत यायला लागली तीही २०१६ पासून. मी दादाला फोन लावायला घेतला तर आई सहज म्हणाली, ‘त्याला विचार, ते दुपारी जुने मराठी पिक्चर लागायचे ते चॅनेल परत सुरू होणारे का. बंद पडलं बहुतेक ते. किती वर्षं झाली.’

ते चॅनेल बंद पडलेलं नाही. मी मोबाइलवर लगेच बघितलं. मग मला आठवलं.

फेब्रुवारी २०१९. ट्रायचा नवा नियम आला होता, चॅनेलं आपण निवडायची, जेवढी निवडाल तेवढ्याचेच पैसे. शंभर एसडी चॅनेलांपर्यंत नुसतं भाडं १३० रुपये, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि त्यावर प्रत्येक पे चॅनेलची किंमत वेगळी. ग्राहक राजा झाला म्हणून आम्ही सगळे खूश. पण यादी अशी लांबलचक होती, की राजा घामाघूम. शेवटी घरातली शिकलेली म्हणून मीच लॅपटॉप घेऊन बसले. बाबांचं क्रिकेट ठेवलं, १९ रुपयांचं. माझी इंग्रजी सिनेमांची दोन ठेवली, जी मी नंतर बघितलीही नाहीत, कारण तोवर सगळं मोबाइलवर आलं होतं. आईला विचारलं, ‘तुला काय हवं?’ ती म्हणाली, ‘मला काय, रात्रीच्या सिरियली असल्या की झालं.’ आणि बिल कमी करायच्या नादात ‘हे कोण बघतं?’ असं म्हणून मी एका खुणेवर क्लिक केलं होतं.

दुपारी दोन ते चार घरात कोण असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाबा ऑफिसात, मी कॉलेजात. ती भाजी निवडत जुने पिक्चर बघायची. एक दिवस ते दिसेनासं झालं. तिला वाटलं बंद पडलं असेल, बंद पडतातच की चॅनेलं. तिने कुणाला विचारलंही नाही.

मी तिला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, ‘असू दे गं, तेव्हा पैसेही वाचलेच की.’ यावर काय बोलायचं असतं ते मला अजून सुचलेलं नाही.

दादा रविवारी सकाळी स्वतः आला. केस पांढरे झालेत. त्याची निम्मी घरं आता नुसतं इंटरनेट घेतात, म्हणून तोही वायफायची वायर ओढून देतो. ‘ताई, केबल आता तुमच्या आई-बाबांच्या वयाच्या लोकांसाठीच उरलीय,’ तो म्हणाला आणि चहा घेतला. एचडी बॉक्स, एचडीएमआयची वायर, सगळे मिळून बाराशे रुपये. रात्रीच्या सिरियलवाली दोन चॅनेलं एचडीत घेतली. माझी ती दोन इंग्रजी काढून टाकली. दुपारचं चॅनेल परत घेतलं.

पावणेतीन वाजता काळा-पांढरा पिक्चर लागला. चौकोनी चित्र, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. आईने विचारलं, ‘या पट्ट्या जात नाहीत का?’ मी रिमोटवरून चित्र ताणून दाखवलं. पट्ट्या गेल्या, पण नायकाचे गाल एकदम भरले आणि हिरॉइन दोन महिन्यांत दहा किलो वाढवल्यासारखी दिसायला लागली.

‘नको नको, होतं तसं कर,’ आई म्हणाली, आणि मेथीची जुडी सोडायला घेतली.