मच्छरदाणी आणि गड

सह्याद्रीतील गडांवर पदभ्रमणास निघालेली मुले पाठीवरच्या पिशवीत दोर, विजेरी आणि शिधा आठवणीने भरतात. मच्छरदाणी मात्र घरीच राहते. "डासांना भिणारा गड काय चढणार?" अशी तिची थट्टाही होते. हे बोलणे शूरपणाचे वाटले, तरी शहाणपणाचे नव्हे.

१८९७ साली सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू आढळले. तेव्हापासून डास हा केवळ झोप मोडणारा कीटक राहिला नाही. उंचावर डास नसतात, हाही एक भ्रमच होय. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची सुमारे १६४६ मीटर. एवढी उंची डासाला आड येत नाही. त्याला हवे असते साचलेले पाणी, आणि पावसाळ्यात व त्यानंतर खडकातील खळग्यांत, टाक्यांत आणि पायथ्याच्या भातखाचरांत ते मुबलक असते.

डास पळावेत म्हणून काही जण रानात पालापाचोळा पेटवून धूर करतात. धूर विरला की डास परततात. पण एखादी ठिणगी वाऱ्यावर गेली, तर वाळल्या गवताचा सारा डोंगर पेटतो. साचलेल्या पाण्यावर तेल ओतणे हा गटारांसाठी जुना उपाय आहे. परंतु गडावरच्या टाक्यात तो करू नये. ते पाणी पुढच्या वाटसरूने प्यावयाचे असते. एका रात्रीच्या झोपेसाठी रान जाळणे किंवा पाणी नासवणे हा न्याय नव्हे.

साधे उपायच बरे. मुक्काम पाण्यापासून दूर, वाऱ्याच्या जागी करावा. डासाचे उडणे दुबळे असल्याने वाऱ्यापुढे त्याचे चालत नाही. हिवतापाचा डास सायंकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. म्हणून दिवस मावळण्यापूर्वीच अंगभर, सैल आणि फिकट रंगाचे कपडे घालावेत. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. तेव्हा दिवसाही गाफील राहू नये. रात्री मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात.

एवढे करूनही, घरी परतल्यावर आठ-पंधरा दिवसांनी थंडी वाजून ताप आला, तर तो अंगावर काढू नये. मुक्काम कोठे झाला होता, हे डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्यावे.

गड चढावयास बळ लागते, तसेच धडधाकट परतावयास विवेक लागतो. म्हणून मच्छरदाणी सोबत घेणाऱ्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये. उलट, दुसऱ्या खेपेस आपणही ती घ्यावी.