पोहणं नंतर, आधी बाहेर येणं

शनिवार सकाळ. दुसरा चहा झालाय आणि आमची हरिणी सोफ्यावर चारी पाय हवेत करून पडली आहे. हरिणी म्हणजे आमची ग्रेहाउंड. आम्ही फ्लोरिडात राहतो. इथल्या मतदारांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये ग्रेहाउंडच्या शर्यतींवरचा जुगार बंद करायचा कौल दिला आणि ३१ डिसेंबर २०२० ला इथल्या शेवटच्या शर्यती झाल्या. त्यानंतर बऱ्याच निवृत्त कुत्र्यांना घरं शोधली गेली, त्यात ही आमच्या वाट्याला आली. उजव्या कानात '६८बी' असं गोंदलंय. सहावा महिना, २०१८ साल आणि त्या वेतातल्या पिल्लांमधला हिचा क्रम. थोडक्यात, आमच्या घरात प्रायमरी की असलेली ही एकटीच. :)

तर मंडळी, आजचा विषय ग्रेहाउंड आणि पाणी. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका: "कुत्र्यांना पोहणं उपजतच येतं" हे वाक्य आपण बोलणं बंद केलं पाहिजे. निदान ग्रेहाउंडवाल्यांसमोर तरी.

हे मत मला पुस्तकातून मिळालेलं नाही. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मित्राकडे वीकांताला जमलो होतो. आपलीच सगळी मंडळी, पावभाजी, मागच्या अंगणात स्विमिंग पूल. मित्राचा लॅब्राडॉर पाण्यात मस्त डुंबत होता. कोणीतरी म्हणालं, "अरे, सोड ना तिला पण. सगळ्या कुत्र्यांना येतं पोहायला." मी सोडलं. हो, मीच. पट्टा माझ्या हातात होता, तो माझ्याच हातांनी काढला. तेवढ्यात लॅब्राडॉरसाठी कोणीतरी चेंडू टाकला. ग्रेहाउंडला हलणारी वस्तू दिसली की तिचा मेंदू पायांत जातो. हरिणी धावली आणि थेट खोल बाजूला पाण्यात.

बुडणं म्हणजे आरडाओरडा, हात-पाय मारणं असं आपल्याला सिनेमांनी शिकवलंय. इथे आवाजच नव्हता. आधी मागचा भाग खाली गेला. मग ती पाण्यात जवळजवळ उभी झाली, पुढचे दोन पंजे नुसते पाण्यावर आपटत. जिथून पडली त्याच भिंतीला ती नखं लावत राहिली. पायऱ्या दुसऱ्या टोकाला होत्या, पण त्या आहेत हे तिला कोणी सांगितलं होतं? मग डोकं खाली गेलं. मी जीन्स आणि खिशातल्या फोनसकट उडी मारली. ती रात्र प्राण्यांच्या दवाखान्यात गेली. पाणी छातीत गेलं असेल तर श्वासाचा त्रास काही तासांनंतरही सुरू होऊ शकतो, म्हणून त्यांनी एक्स-रे काढून तिला रात्रभर ठेवून घेतलं. वाचली. बायको दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि बरोबरच होतं तिचं.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की यात नवल काहीच नव्हतं. चरबीची घनता पाण्यापेक्षा कमी, साधारण ०.९. स्नायूंची जास्त, साधारण १.०६. लॅब्राडॉरच्या अंगावर चरबीही असते आणि दाट, पाणी न शिरणारी केसांची आतली लव पण. ग्रेहाउंड म्हणजे स्नायू, लांब हाडं आणि वर रुमालाइतकी पातळ कातडी. जमिनीवर ताशी ६५-७० किलोमीटर पळण्यासाठी घडवलेलं अंग पाण्यात दगडासारखं वागलं तर त्यात त्याचा दोष काय? चरबी नाही म्हणून ती तरंगत नाही, आणि चरबी नाही म्हणूनच ती गारठतेही लवकर. आपल्याला "छान गार" वाटणाऱ्या पाण्यात ती थोड्याच वेळात कुडकुडायला लागते. लॅब्राडॉरकडे बघून ग्रेहाउंडला पाण्यात सोडणं म्हणजे आपलं ते जुनं, "माझ्या मशीनवर तर चालतंय!"

पण खरं शहाणपण मला बाबांकडून मिळालं. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर त्यांना ही कथा सांगितली. ते सोलापूरकडचे, आमच्या गावात कारवानी कुत्री होती, तीही अशीच सडपातळ, सशामागे वाऱ्यासारखी पळणारी. मी म्हणालो, "बाबा, मला नाही का विहिरीत ढकलून दिलं होतं? आलंच ना पोहायला!" त्यावर ते म्हणाले, "ढकललं तुझ्या काकानं. पण मी आधीच विहिरीत उतरलो होतो. तुझ्या पाठीला डबा होता, डब्याला दोर होता आणि दोर वर आजोबांच्या हातात होता. आणि त्याआधी दोन दिवस तुला नुसतं पायऱ्यांवरून चढ-उतार करायला लावलं होतं. ते विसरलास वाटतं?"

विसरलो होतो खरा. आपल्या सगळ्यांचंच असं होतं. ढकलणं लक्षात राहतं. डबा, दोर, पायऱ्या आणि आधीच पाण्यात उभा असलेला बाप, हे सगळं आठवणीतून गळून जातं. मग आपण इतरांना सांगत सुटतो की ढकललं की येतं.

त्या दिवसानंतर हरिणीचं शिक्षण विहिरीच्या पद्धतीने सुरू केलं. माझ्या घरी पूल नाही, पण कॉलनीतल्या ओळखीच्या एका काकूंनी त्यांचा वापरू दिला. इथे दर चार घरांमागे एक पूल दिसतो, त्यामुळे हे टाळून चालणार नव्हतं.

पहिले तीन वीकांत पोहणं नाहीच, फक्त पायऱ्या. मी पाण्यात, ती पहिल्या पायरीवर, पोटाला पाणी लागेल इतकंच. तिथून वळायचं आणि बाहेर यायचं. बाहेर आलं की चिकनचा तुकडा. शर्यतीच्या खुराड्यातून आलेल्या बऱ्याच ग्रेहाउंडना घरातला साधा जिनासुद्धा माहीत नसतो, मग पाण्याखालचा कुठून असणार? पायऱ्यांजवळ एक मोठी लाल कुंडी ठेवली, म्हणजे दुरूनही खूण दिसावी. (पुढे कळलं की कुत्र्यांना लाल रंग नीट दिसत नाही. निळी आणली.)

डब्याच्या जागी लाइफ जॅकेट. पाठीवर मूठ असलेलंच घ्या, संकटात तीच कामाला येते. वजन बघून माप घेऊ नका. यांची छाती खोल आणि कंबर मुठीत मावेल एवढी, त्यामुळे साधं जॅकेट मागे सरकतं. छाती मोजा, पट्टे आवळा, आणि काखेत कातडी सोलवटत नाही ना ते बघा. दोर जॅकेटला बांधायचा, गळ्याला नाही. शिवाय यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद, साधा गळपट्टा सर्रकन निघून येतो.

बाकी साध्या गोष्टी. खाणं झाल्यावर लगेच पाण्यात नाही. खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतोच, भरल्या पोटी दमवून तो कशाला वाढवा? सुरुवातीला दोन-तीन मिनिटं पुरे. थरथर दिसली की बाहेर, टॉवेल, कान कोरडे. पाण्यातून चेंडू आणायचा खेळ तासभर नको, पोटात फार पाणी जातं आणि रक्तातलं सोडियम घसरू शकतं. समुद्रावर प्यायचं पाणी सोबत न्या, नाहीतर ती खारट पाणी पिते आणि मग गाडीत काय होतं ते विचारू नका. साचलेल्या पाण्यावर हिरवट तवंग असेल तर जवळही फिरकू नका, त्यातल्या काही शेवाळांचं विष कुत्र्याचा जीव घेतं. आणि फ्लोरिडातल्या तळ्यांबद्दल एकच शब्द: मगर.

आता हे सगळं करून हरिणी पोहते का? जॅकेट घालून पूलच्या एका कडेपासून पायऱ्यांपर्यंत, तोंडावर प्रचंड नाराजी ठेवून, हो. आवडतं का? अजिबात नाही. आणि इथेच माझा खरा मुद्दा आहे. आपल्याला पाणी आवडतं म्हणून तिलाही आवडलं पाहिजे, फोटो चांगले आले पाहिजेत, हा हट्ट सोडू या. काही ग्रेहाउंड आनंदाने पोहतात, त्यांना जरूर पोहू द्या. बाकीच्यांना काठावर बसू द्या. पोहणं ऐच्छिक विषय आहे. बाहेर कसं यायचं हा मात्र सक्तीचा, कारण पाण्यात पडायचं की नाही हे दर वेळी आपण ठरवत नाही.

आपण रोज हजारो ओळींचा कोड लिहितो आणि लूप लिहिताना पहिला प्रश्न विचारतो, हा थांबणार कुठे? त्या दिवशी पूलच्या काठावर मी हा प्रश्न विचारला नाही. तुमच्याकडे कुत्रं असेल, कुठल्याही जातीचं, तर पुढच्या वेळी पट्टा काढायच्या आधी एवढंच बघा: याला बाहेर यायचा रस्ता माहीत आहे का, आणि नसेल तर पाण्यात आधी कोण उतरलंय?

असो. हरिणी उठली, म्हणजे जेवणाची वेळ झाली. चहाही गार झाला.