भिंतीचा पाय

नव्या घराचे काम संपत आले की रंग, दिवे आणि पडदे यांवर साऱ्या कुटुंबाची बैठक बसते. फरशी व भिंत जेथे मिळतात, तेथील चार इंचांच्या पट्टीचा निर्णय मात्र मिस्त्रीवर सोपविला जातो. या पट्टीला स्कर्टिंग म्हणतात. गृहकर्जाच्या पाहणीस जाताना मी प्रथम हीच जागा न्याहाळीत असे. दिवाणखाना कितीही सजविलेला असो, घराची प्रकृती येथे कळते.

बाबा आमटे यांनी 1973 साली सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पामुळे हेमलकसा आपणां सर्वांस ठाऊक आहे. मला त्या परिसराची आठवण होते ती तेथील कुडाच्या भिंतींमुळे. बांबूच्या कुडावर मातीचा लेप आणि जमिनीला शेणाचे सारवण. हे सारवण जमिनीपाशी न थांबता भिंतीवर थोडे वर चढविले, की सांधा बुजतो आणि खाली उडालेले पाणी थेट मातीत मुरत नाही. स्कर्टिंगचे मूळ काम एवढेच. जवळच भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या नद्या मिळतात. पावसाळ्यात पुराने रस्ता बंद होणे तेथे नवे नाही. अशा मुलखात भिंतीचा पाय हा शोभेचा विषय राहत नाही.

म्हणून पट्टी निवडण्यापूर्वी पाणी कोठून येते, हे पाहावे. पुसण्याचे, सांडलेले पाणी वरून येते; त्यासाठी फरशीच्याच टाइलची पट्टी उत्तम. परंतु जोत्यातून ओल वर चढत असेल, पोपडे सुटत असतील, लोणा धरला असेल, तर कोणतीही पट्टी ती थांबवीत नाही, केवळ काही महिने झाकते. माझ्या पाहणीतील एका घरी विक्रेत्याने अशा भिंतीला नुकतीच चकचकीत पट्टी लावून घेतली होती. तिच्या वर हातभर अंतरावर रंग फुगलेला होता. ओलीचा उपाय आधी, भिंत पूर्ण वाळल्यावर पट्टी, हा क्रम सोडू नये.

लाकडाचा मोह चंद्रपूर-गडचिरोलीकडे स्वाभाविक आहे. आलापल्लीच्या सागाची कीर्ती मोठी. मात्र वाळवी सहसा टाळते ती सागाच्या गाभ्याला, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला नव्हे. पट्टी सागाची असली तरी मागच्या बाजूसही पॉलिश हवे. एमडीएफ स्वस्त व देखणे. पण रोज ओल्या फडक्याने पुसल्या जाणाऱ्या आपल्या घरांत त्याची खालची कड फुगते.

आता हिशेब. खोली 12 फूट बाय 10 फूट असल्यास परीघ 44 फूट. दाराचे 3 फूट वजा जाता 41, तुटफुटीसाठी एक-दशांश धरता सुमारे 45 फूट. दोन फुटी टाइलमधून चार इंची पट्ट्या पाचच धराव्यात. सहावीचा काही भाग कटरच्या पात्यात जातो. म्हणजे एका टाइलमागे 10 फूट, खोलीस 5 टाइल. त्या फरशीबरोबर एकाच लॉटमधून घ्याव्यात. मागाहून तोच रंग मिळेलच असे नाही.

पट्टी भिंतीच्या पातळीत हवी असल्यास प्लास्टरच्या वेळीच सांगावे. बाहेर राहिलेल्या पट्टीच्या माथ्यावर धूळ बसते, आणि ती काढणे घरातील स्त्रियांच्या वाट्याला येते. म्हणून हा निर्णय त्यांना विचारूनच घ्यावा. पट्टीच्या मागे मसाला सर्वत्र भरला आहे ना, हे टिचकी मारून पाहावे. पोकळ आवाज आला तर तेथे मुंग्या व झुरळे घर करणारच, आणि मग औषध फवारण्याची पाळी येते. जीवहिंसेचा तो प्रसंग टाळण्याचा सोपा मार्ग सांधा आधीच बुजविणे हा आहे. मिस्त्रीचे शेवटचे पैसे ही टिचकी चारही भिंतींना मारून झाल्यावर द्यावेत.